पाखरांपायी तुमच्या घरात काय काय अडलं?

पाखरू वाचवल्याच्या गोष्टी बहुतेकांकडे असतात. त्या सांगाच, पण मला विचारायचं आहे ते थोडं निराळं. पक्ष्यानं घरात किंवा घराशेजारी संसार मांडला, तेव्हा माणसांचं काय अडलं? कुठलं बटण दाबायचं नाही असं ठरलं, कुठलं दार कुलपात गेलं, त्यावरून कुणी कुणाची बोलणी खाल्ली? लहानपणचं सांगा, हल्लीचं सांगा, कुठल्याही ऋतूतलं सांगा.

सुरुवात मीच करतो. आमच्याकडे पंखा अडायचा.

भिंतीवरच्या तसबिरी तेव्हा वरून पुढे झुकवून टांगलेल्या असत. त्यांच्या मागे चिमणीला आयती जागा मिळायची. फाल्गुन सरता सरता फरशीवर गवताच्या काड्या दिसायला लागल्या, की आजोबा पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर लाल शाईनं फुली मारायचे. बाहेर रणरणतं ऊन, आत पाहुणे घामाघूम. आजोबा त्यांच्या हातात हातपंखा द्यायचे आणि तसबिरीकडे बोट दाखवायचे. बस्स, खुलासा संपला.

अंडी उबायला दोन आठवड्यांच्या आतबाहेर लागतात आणि पिल्लं उडायला पुन्हा साधारण तितकेच दिवस. म्हणजे महिनाभराचा प्रश्न. पण चिमणी एका विणीवर थोडीच थांबते? पहिली पिल्लं उडाली की आई झाडू घेऊन यायची आणि आजोबा म्हणायचे, "थांब जरा, ती परत बसेल." बसायचीच. तोवर उन्हाळा संपलेला असायचा आणि आम्हाला पंख्याची गरजही उरलेली नसायची.

एरवी दाणे टिपणारी चिमणी पिल्लांना मात्र अळ्या आणि किडे भरवते. त्यातली एखादी अळी चोचीतून निसटून आजोबांच्या वर्तमानपत्रावर पडायची. चिमण्या कमी का झाल्या अशी चर्चा निघाली की सगळे मोबाइलच्या टॉवरकडे बोट दाखवतात. मी म्हणेन, आधी घराच्या भिंती बघा, मग परसातल्या अळ्या मोजा. भिंतीला चिकटवलेल्या फ्रेमच्या मागे काडीसुद्धा शिरत नाही, आणि झाडावर पान कुरतडलेलं दिसलं की आपण फवारा घेऊन धावतो.

आता तुम्ही. सल्ले कमी, हकिगती जास्त, एवढीच विनंती.

*

आमच्याकडे विजेचं बिल अडलं होतं.

जिन्याखाली मीटरची लाकडी पेटी होती, तिचं झाकण निखळलेलं. तिथे चिरकाच्या जोडीनं घरटं केलं. चिरक म्हणजे तो काळा, सारखी शेपटी उभारणारा, शेपटीच्या बुडाशी विटकरी रंग असलेला. भिंतीतलं भोक म्हणू नका, फुटका डबा म्हणू नका, तो कुठेही बिऱ्हाड करतो. घरट्यात मुळं, केस आणि एक सापाच्या कातेचा तुकडा होता. आईला आधी कात दिसली आणि घरटं नंतर. मधल्या वेळात सगळी चाळ गोळा झाली.

मग मीटर वाचणारा आला. वडील म्हणाले, "आकडा मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या." तो म्हणाला, बघितल्याशिवाय लिहिता येत नाही. त्यानं लांबूनच बॅटरी मारून, मान वाकडी करून बघितलं. मादी जागची हलली नाही आणि आकडा तिच्या मागे. "सरासरी लावतो," म्हणाला आणि गेला. बिल नेहमीपेक्षा जास्त आलं. वडिलांनी ते भरलं, आणि त्या पिल्लांना शेवटपर्यंत 'थकबाकीदार' म्हणत राहिले.

*

चिरक वाचून हसू आलं. आमच्याकडे शिंजिरानं दाराच्या घंटीच्या लोंबत्या वायरीला घरटं टांगलं होतं. कोळ्याचं जाळं, साल, कचरा, कागदाचे कपटे असलं सगळं जोडून केलेली लांबट पिशवी, आणि वरच्या बाजूला छपरी असलेलं दार. घंटी बंद. दारावर पाटी: 'हळू थाप मारा'. हळू मारलेली थाप आत कुणाला ऐकू जायची नाही, मग माणसं दारात उभं राहून हाका मारायची. घंटी परवडली असती.

*

आमच्या शेतात ट्रॅक्टर अडला.

मृगाच्या आधीची गोष्ट. ट्रॅक्टर भाड्याचा, तासावर पैसे. आणि टिटवीनं वावराच्या मधोमध अंडी घातलेली. घरटं कसलं, खडे बाजूला सारून केलेली उथळ खळगी. चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला. रंग ढेकळाचा, वर काळे डाग. दोन पावलांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. दोन्ही टिटव्या ओरडत चालवणाऱ्याच्या डोक्यावर झेपावायला लागल्या, तेव्हा कुठे कळलं. आज्जानं चारी बाजूंना काठ्या रोवल्या आणि ट्रॅक्टरला सांगितलं, वळसा घाल. तेवढा तुकडा त्या साली पडीक राहिला.

आम्हा पोरांना काम लावलं, कुत्रं फिरकू द्यायचं नाही. बांधावरच्या बाभळीखाली बसून आम्ही राखण करायचो. भर दुपारी टिटवी मधेच उठायची, डबक्यावर जायची, पोटाची पिसं चिंब भिजवून यायची आणि तशीच अंड्यांवर बसायची. आम्हाला वाटायचं, ही अंघोळ उरकून आली. पुढे शिकताना समजलं की ती अंडी गार ठेवत होती. असल्या उन्हात उबवण्यापेक्षा अंडी शिजू न देणं हेच मोठं काम.

आज्जाचा एक ठोकताळा होता. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस दणकून, सखल जागी घातली तर बेताचा. आमची टिटवी सखल जागी बसली होती. त्या साली बांध फुटेपर्यंत पाऊस झाला. आज्जा म्हणाला, "टिटवी चुकली." ठोकताळा चुकला असं काही म्हणाला नाही.

पिल्लं मात्र पावसाच्या आधीच निघाली. चिमणीच्या पिल्लांसारखी उघडी नसतात ती. अंगावर लव, डोळे उघडे, आणि अंड्यातून आली की त्याच दिवशी चालती. आईनं इशारा केला रे केला की असतील तिथे जमिनीला चिकटून बसतात. मग तुम्ही कितीही शोधा. आम्ही अख्खं वावर पाऊल बघून टाकत चालत होतो, आणि टिटवी डोक्यावर शिव्या घालत होती.

*

आमच्या आत्याकडे चपलांची रिकामी खोकी टाकून द्यायला बंदी होती. आत्या परिचारिका. जुन्या इमारतीत राहायची, आणि गॅलरीच्या छताला पाकोळ्यांची वसाहत. पिसं आणि गवत लाळेनं चिकटवून केलेली घरटी एकाला एक लागून. वारा सुटला की एखादी पाकोळी खाली यायची आणि फरशीवर पंख पसरून तशीच पडून राहायची.

पोरं म्हणायची पंख मोडलाय. पुष्कळदा मोडलेला नसायचाच. पाकोळीचे पाय भिंतीला लटकण्यापुरते. ती चालत नाही, तारेवर बसत नाही, आणि पंख इतके लांब की सपाट फरशीवरून उठणं तिला फार जड जातं. आत्या तिला कापडात धरायची, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवायची, झाकण लावून अंधार करायची आणि आम्हाला हाकलून द्यायची. दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघणाऱ्याला धपाटा. थोड्या वेळानं गच्चीवर जाऊन तळहात उघडा आणि उंच धरायचा. भिरकावायचं नाही. तिला जायचं असेल तर ती थरथरते, हातावरून पुढे सरकते आणि निघते. थरथरली नाही तर परत खोक्यात, आणि मग पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे.

धागाकर्त्यांना सल्ले नकोत, पण आत्याचा एक नियम सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाखराच्या चोचीत ड्रॉपरनं पाणी सोडायचं नाही. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पाणी सरळ तिकडे जातं. दूध तर नाहीच, पक्ष्यांना ते पचत नाही. मुलांच्या हातात ड्रॉपर आणि दूध दोन्ही आधी येतात, म्हणून आत्या आधी खोकं आणायची आणि मग पोरांना आवाज द्यायची.

*

असे सल्ले चालतील. चालू द्या.

*

आमच्या घरात बोलणं अडलं होतं.

वळवाच्या वादळात झाड पडलं. त्याच्या ढोलीत पोपटाचं पिल्लू, अंगावर पिसांचे नुसते कोंब. बाकीची वाचली नाहीत. ढोलीच गेली, त्यामुळे परत ठेवायला जागा नव्हती, आणि आईबाप दिवसभर वाट बघूनही आले नाहीत. पशुवैद्यांना विचारून त्याला भरवायला सुरुवात झाली. वडील शिक्षक. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात पाळता येत नाही, तेव्हा ह्याला उडवायचाच आहे. दोन, म्हणून त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याला नाव द्यायचं नाही, खांद्यावर घ्यायचं नाही. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाच्या मागे हंसांची पिल्लं आई समजून कशी चालायची, ते त्यांनी खोलीत चालून दाखवलं. लोरेन्झना १९७३चं नोबेल मिळालं, हेही सांगितलं. आम्हाला लक्षात राहिलं ते वडिलांचं चालणं.

पोपटासमोर गप्प बसणं किती कठीण असतं, हे करून बघितल्याशिवाय कळणार नाही. भरवणारा तोंड मिटून आत जायचा, भरवायचा, बाहेर यायचा आणि दार लावल्यावर हुश्श करायचा. आईला फोनवर बोलायला अंगणात जावं लागायचं. धाकटी बहीण मात्र रोज दुपारी त्याच्या खोलीच्या दाराशी बसून काहीतरी पुटपुटायची. विचारलं तर म्हणायची, मी दाराशी बोलतेय.

पंख भरल्यावर त्याला खिडकीच्या खोलीत ठेवलं. संध्याकाळी बाहेरून थवे ओरडत जायचे आणि हा आतून उत्तर द्यायचा. एक दिवस खिडकी उघडून टाकली. सकाळभर गजावर बसला, समोरच्या झाडावर गेला, खायला परत आला. असं काही दिवस चाललं आणि मग यायचा थांबला. थव्यात गेला की शिकऱ्यानं नेला, कोण सांगणार? माणसांच्या खांद्यावर जाऊन बसला नाही, एवढं नक्की. वडिलांना तेवढंच हवं होतं. बहिणीला ते अजून पटलेलं नाही.

*

हा नियम आमच्याकडे एक दिवस टिकला नसता. आमची आज्जी झुरळाशीही बोलते.

*

आमच्याकडे दादाची गलोल अडली. वडिलांनी ती माळ्यावर टाकली आणि सालिम अलींची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कुठली हे कळेना. ती घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती ओळखली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, आणि त्यातून देशाचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला. वडील थांबले. दादानं विचारलं, "मग छऱ्याची बंदूक कधी आणायची?"

*

फाटकाशी झाड, झाडावर कावळ्याचं घरटं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे छत्री उघडून ये-जा करायचो. बाकीच्यांना एखादी झेप चुकवावी लागे. एका काकांना मात्र कावळे रस्त्याच्या वळणावरूनच गाठायचे, कारण त्यांनी बांबूनं फांदी हलवली होती. काकांनी शर्ट बदलून पाहिला, वेळ बदलून पाहिली, शेवटी चालतानाही हेल्मेट घालायला लागले. कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात, हे पुढे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मुखवटे वापरून केलेल्या प्रयोगातही दिसलं. तिथले कावळे आपल्याहून वेगळ्या जातीचे, पण काकांना पुरावा नकोच होता.

गंमत पुढे आहे. घरट्यातून जे पिल्लू फांदीवर आलं, ते कोकिळेचं निघालं. दोघांची वीण एकाच मोसमात. अंडी घातली की कोकिळेचं काम संपलं, पुढचं सगळं कावळ्यांकडे. ते पिल्लू वळवाच्या तडाख्यात गच्चीवर उतरलं आणि कावळे त्याला तिथे भरवायला लागले. गच्चीचं दार बंद झालं, कपडे घरात वाळायला लागले. हेल्मेटवाले काका म्हणाले, माझ्यावर इतके हल्ले झाले ते दुसऱ्याच्या पोरासाठी?

*

या गोड धाग्यात मी जरा खडा टाकतो. आमच्या इमारतीत गॅलरी अडली, आणि कायमची अडली. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ रोज मोठ्या प्रेमानं पोत्यानं दाणे टाकतात. पारव्यांना बारा महिने आयतं मिळतं, त्यामुळे ते बारा महिने अंडी घालतात. आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत नाकात गेली तर काहींना फुप्फुसांचा चिवट विकार होतो, आमच्याच मजल्यावर एकांना झाला. पाखरांसाठी पंखा बंद ठेवणं मला समजतं, त्यात आपण आपल्या जिवाला त्रास घेतो. दाणे टाकून पुण्य एकानं घ्यायचं आणि खराटा दुसऱ्यानं, हे कसं काय? आम्ही जाळी लावली. लावण्याआधी घरटी रिकामी व्हायची वाट बघितली, तेवढा दगडाचा नाही मी.

*

खडा योग्यच टाकलात. माझ्या आईचं मत तुमच्यासारखंच होतं. तिनं कधी दाणे टाकले नाहीत, पण नळ दुरुस्त करू दिला नाही.

अंगणातला नळ गळका. खाली कायम ओल, एक उथळ डबकं. पावसाळा ओसरला की तिथे धोबी पक्षी यायचा, शेपटी वरखाली करत डबक्याच्या कडेनं पळायचा. हिमालयातून आणि त्याही पलीकडून आलेले पाहुणे, वसंतात परत जाणार. ते गेले की उन्हाळ्यात दयाळ, बुलबुल, साळुंक्या अंघोळीला हजर. वडील प्लंबर बोलवायचे, आई त्याला चहा पाजून परत पाठवायची. शेवटी नळ बदलला गेलाच, तेव्हा तिनं पसरट थाळी ठेवली. पाणी दोन बोटं, मधे एक दगड, थाळी उघड्यावर म्हणजे झुडपाआडून मांजर येणार नाही, आणि डास नकोत म्हणून पाणी रोज बदलायचं. रोज म्हणजे रोज. परगावी जायचं तर शेजारणीकडे किल्ली नाही, थाळी सोपवायची.

*

लालबुड्या बुलबुलानं आमच्या टांगलेल्या कुंडीत घरटं केलं आणि कपडे वाळत घालायची दोरी अडली. आई त्या रोपाला चमच्यानं पाणी घालायची, तेही दोघे नसताना. पिल्लं उघडी, डोळे मिटलेले, जरा फांदी हलली की तोंडं वर. एक खाली पडलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, माणसाचा हात लागला की आई टाकून देते. आईनं ऐकून घेतलं, पिल्लू उचललं आणि घरट्यात ठेवलं. बुलबुल आली, भरवून गेली. त्या आजी ते बघूनही बधल्या नाहीत, म्हणाल्या ही बुलबुल वेगळी आहे.

खरी परीक्षा पुढे. बुलबुलाची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरट्यातून उड्या टाकतात. अंगावर पिसं आलेली, शेपटी आखूड, फरशीवर टुणटुण. येणारा-जाणारा प्रत्येक जण 'बिचारं' म्हणून उचलायला वाकायचा. आईबाप समोरच्या तारेवर किडा घेऊन ओरडत असायचे, तिकडे कुणी बघायचं नाही. आई दारात खुर्ची टाकून बसली. पाखरांची राखण कमी, शेजाऱ्यांची जास्त. एकाला कावळ्यानं नेलं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. उरलेली दोन जास्वंदीत शिरली.

*

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबायची आणि आमचे काका पावसाळाभर पलीकडच्या काठावरून पाणी शेंदायचे. विणतो नर. अर्धं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर ते तसंच सोडून दुसरं सुरू. खाली पडलेली अर्धवट घरटी आम्ही टोप्या म्हणून घालायचो, त्याला परवानगी होती. वरची काढायला मात्र मोसम सरला तरी बंदी. "त्यात भाडेकरू येतात," काका म्हणायचे. खरंच येतात. मुनिया सुगरणीच्या जुन्या घरट्यांत राहतात. दिवाणखान्यात शोभेला टांगलेलं सुगरणीचं घरटं दिसलं की मला अजून तो भाडेकरू आठवतो.

*

सगळ्यांचं वाचलं, आता माझं तातडीचं. बाल्कनीत कपडे धुण्याच्या मशीनच्या वरच्या फळीवर होल्याची जोडी सकाळपासून घुटमळतेय. चार काड्या आणून ठेवल्यात. मशीन चाललं की फळी हलते. काय करू?

*

चारच काड्या आहेत ना? मग आजच त्या काढा आणि फळीवर बादली उपडी घाला. ते दुसरी जागा बघतील, अजून काही बिघडलेलं नाही. पण आधी नीट बघून घ्या. होल्याचं पूर्ण झालेलं घरटंही जेमतेम तेवढंच दिसतं. आत दोन पांढरी अंडी दिसली तर काड्यांना हात लावू नका आणि मशीन विसरा. दिवसा नर बसेल, रात्री मादी, तुम्हाला मोकळी वेळ मिळणार नाही.

*

बघितलं. अंडी आहेत. चादरी हातानं धुवायला काढल्या आहेत, नवरा कारण विचारतोय.